दोर खाली सोडून भागलं नाही

त्या डिसेंबरात आमची प्लाटून बर्फातल्या एका पोस्टवर होती. सेक्टर कोणता ते सांगणार नाही, त्याची गरजही नाही. मी हवालदार रामटेके, गाव सानगडी. पोस्टवरचं रेशन, रॉकेल, दोर, बॅटऱ्या सगळं माझ्या ताब्यात होतं. खालून मागितलं तेवढं कधीच येत नाही, म्हणून मी दीडपट मागायचो आणि रेडिओवर भांडून हवं तेवढं घ्यायचो. कंपनीत मला वकील म्हणायचे. आज भंडाऱ्यात माझं पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. कोणाच्या मेहरबानीनं उभं केलेलं नाही. घासाघीस हा माझा स्वभाव आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

दर २६ जानेवारीला कोणत्या ना कोणत्या शाळेत मला भाषणाला बोलावतात. मुलं विचारतात, सर, किती मारले? मी सांगतो, माझ्या डोळ्यांदेखत जो गेला त्याला शत्रूची गोळी लागली नव्हती. मग हेडमास्तर घड्याळ बघतात. म्हणून हे लिहून काढतो आहे. इथे मला कोणी मध्येच थांबवणार नाही.

पोस्टवरचा दिवस एकसारखा असायचा. पहाटे बर्फ वितळवून पाणी करायचं. फिक्स रोपवरचा, म्हणजे वाटेवर कायम बांधलेल्या दोरावरचा, बर्फ झाडायचा. हवामानाचा रिपोर्ट घ्यायचा. मग लिंक पेट्रोल, म्हणजे शेजारच्या पोस्टपर्यंत जाऊन परत यायचं. दोराला हुक लावून चालायचं आणि हुक काढायचा नाही, हा पहिला नियम.

नाईक दाविद मेश्राम तुमसरचा. त्याचं घर आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती, माझं आजोबांच्या काळापासून बौद्ध. दोघेही एका जिल्ह्याचे, त्यामुळे आमच्या बोलीत बोलायला तेवढाच एक माणूस. आमचं 'काय गा' आणि 'हो जी' ऐकून बाकीचे हसायचे.

२४ तारखेला दुपारी तो डब्याचं झाकण कापत बसला होता.

"हे काय करून राहिला गा?"

"तारा हाये, भाऊ. उद्या नाताळ नाई का?"

त्यानं तो बंकरच्या तोंडाशी टांगला. सुभेदार साहेब आमचे पोस्ट कमांडर. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "दाविद, बाहर कुछ नहीं चमकेगा. सामने दुश्मन की ओपी है." दाविदनं तारा काढला आणि आत, बुखारीच्या, म्हणजे रॉकेलच्या शेगडीच्या, वर लावला.

हवा खराब असल्यानं खालून पाद्री येऊ शकले नाहीत. तेव्हा संध्याकाळी दाविदनंच उपासना घेतली. फौजेत एकमेकांच्या सणाला सगळे बसतात, तसे आम्हीही बसलो. त्यानं गोष्ट साध्या हिंदीत सांगितली. मेंढपाळ रात्री कळप राखत होते, म्हणजे ड्युटीवर होते. राजा महालात झोपलेला. तारणारा जन्मल्याची बातमी राजाला मिळाली नाही, उघड्यावर पहारा देणाऱ्यांना मिळाली. बाळ होतं गोठ्यात, गव्हाणीत.

सुभेदार साहेब खूश झाले. "मतलब खबर पहले संतरी को मिली."

उपासना संपल्यावर मी दाविदला धरलं. आमच्या घरात तारणारा नाही. आपलं आपण निस्तरायचं, हे मी लहानपणापासून शिकलेलो.

"एवढा मोठा देव, मंग खाली काहून आला? वरून हुकूम सोडाचा."

"सोडले ना, भाऊ. हुकूम देल्ले, सांगणारे धाडले. माणसाच्यानं जमलं नाई. मंग सोता आला."

"अन् बदल्यात काय घेते?"

"काई नाई."

"मंग माल खोटा हाये."

तो पोट धरून हसला. "तुमी स्वर्गाच्या दारावरही भाव करान, भाऊ."

"कराच लागते."

२५ ला सकाळी लिंक पेट्रोल गेलं. त्यात सिपाही महेश होता. माणूस कामचुकार. जड काम आलं की याचा सिक रिपोर्ट. माझ्या स्टोअरमधला अननसाचा डबा त्यानं चोरून खाल्ला होता. परतताना एक वळसा वाचवायला त्यानं हुक काढला आणि सरळ चालत निघाला. पायाखालचा बर्फाचा काठ तुटला आणि तो खाली बर्फातल्या भेगेत गेला.

पेट्रोलनं रेडिओवर कळवलं आणि पावणेअकराला आम्ही तिथे पोचलो. सुभेदार साहेब, मी, दाविद आणि पेट्रोलमधले तिघे. भेग अरुंद आणि खोल. महेश दिसत नव्हता, पण आवाज येत होता. रेडिओवर कंपनीनं सांगितलं, "रेस्क्यू टीम मूव कर चुकी है. वेट करो. ओवर." टीमला यायला दोन तास तरी लागणार होते.

मी दोर सोडला. खाली फासा केला होता. ओरडून सांगितलं, "काख के नीचे डाल!" दोर हलला आणि तसाच रिकामा वर आला. पुन्हा सोडला. पुन्हा रिकामा. तिसऱ्यांदा खालून महेश रडायला लागला. "उस्ताद, उंगलियाँ नहीं चल रहीं."

मी शिव्या दिल्या. दातानं धर म्हटलं, कोपरात अडकव म्हटलं. वर उभं राहून जेवढं सांगता येतं तेवढं सगळं सांगितलं. दाविद दोराकडे बघत होता.

"साहब, मैं उतरता हूँ."

सुभेदार साहेबांनी विचारलं, "तू क्यों?"

"वजन कम है मेरा. बर्फ का कोर्स किया है."

एवढीच कारणं त्यानं दिली. धर्माचा शब्द काढला नाही. मी मध्ये पडलो. साहेबांना म्हटलं, टीम येतेय, थांबू. ज्यानं नियम मोडला त्याच्यासाठी नियम पाळणारा का घालवायचा? दाविदला आमच्या बोलीत म्हटलं, "त्या चोट्ट्यासाठी जाऊन राहिला का तू?"

"तो दोन तास टिकत नाई, भाऊ. आवाज आयका ना त्याचा."

साहेबांनी आवाज ऐकला. मग मान हलवली. "जा."

तो उतरला. एका दोरावर दोन माणसं ओढता येत नव्हती. काठ दोरानं कापला जात होता आणि आम्ही होतो पाच जण. खालून दाविदनं सांगितलं, "पहले इसको." त्यानं स्वतःच्या अंगाचा दोर सोडून महेशला बांधला. मग मला म्हणाला, "भाऊ, हळू वढा. हात मोडला हाये त्याचा."

महेश वर आला. त्याच्या हातांत दाविदचे हातमोजे होते. गाठ गोठून दगड झाली होती. मी ती दातांनी सोडवत होतो. सुटली तेवढ्यात आतून आवाज आला. मोठा नव्हता. राईस मिलच्या गोदामात पोत्यांची थप्पी खाली बसते, तसा. भेगेची एक बाजू आत ढासळली होती.

मी हाक मारली. साहेबांनी मारली. सगळ्यांनी मारली. दोर सोडला. या वेळी धरायला खाली कोणी नव्हतं.

रेस्क्यू टीम सांगितल्या वेळेला आली. खोदणं चालू राहिलं. दाविद तिसऱ्या दिवशी मिळाला.

तुमसरला शवपेटीसोबत मीच गेलो. त्याची बायको मार्था, तेव्हा तिचं वय सव्वीस-सत्तावीस. मी तिला सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. तिनं एकच विचारलं, "तिसऱ्या दिवशी?" मी म्हटलं, हो. ती भिंतीला टेकून बसली. त्यांच्या धर्मात तिसऱ्या दिवसाचं काय आहे ते मला माहीत होतं. म्हणून अंगाची आग झाली. त्यांचा प्रभू तिसऱ्या दिवशी उठला म्हणतात. आमचा तिसऱ्या दिवशी सापडला, आणि उठला नाही.

ते मी तिला महिन्याभरानं बोललोच. गप्प बसणं मला जमत नाही. "बाई, जो साऱ्या जगाले वाचवाले खाली आला म्हणता, तो त्या दिवशी कोठी होता? त्याचाच तं वाढदिवस होता."

"खालीच होता, भाऊ. दाविदसंगं."

या उत्तरानं माझं समाधान झालं नाही. अजूनही नाही.

माझी खरी तक्रार महेशबद्दल आहे. तो वाचला. त्याची दोन बोटं गेली, पेन्शन मिळाली. आता त्याच्या गावात त्याच्या दोन जीपगाड्या चालतात. पलटणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो टाकतो. एवढ्या वर्षांत तुमसरला एकदा आला नाही. मी त्याला दर डिसेंबरात फोन करतो.

"इस साल आएगा?"

"क्या मुँह लेके आऊँ, उस्ताद?"

"मुँह मत ला. टिकट ला."

तो रडतो आणि फोन ठेवतो. येत नाही.

गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी मी मार्थाच्या ओट्यावर बसूनच त्याला फोन लावला आणि चांगला झापला. ती आतून करंज्यांचं ताट घेऊन आली आणि ऐकत उभी राहिली.

"भाऊ, दरसाली त्याले बिल कायले पाठवता?"

"बिल नाई तं काय? सोन्यासारखा माणूस देल्ला अन् हे भंगार घेतलं. असा सौदा मी जन्मात पाह्यला नाई."

"सौदा कोनं केला? दाविदनं केला का?"

"मंग फुकटात गेला का तो?"

"हो," ती म्हणाली. "फुकटातच. त्याले सांगा, यायचं असंन तं ये. नाई आला तरी काई देनं नाई." ताट माझ्यापुढे ठेवलं. "मी भेटीन दाविदले. मले त्याचा भरोसा हाये. तुमी खा आता, थंड्या होऊन राहिल्या."

मी खाल्लं. राग गेला नाही. आयुष्यात जे मिळवलं ते मी किंमत मोजून मिळवलं. त्यामुळे हिशोबाशिवाय दिलेली गोष्ट कशी घ्यायची ते मला कळत नाही. महेशलाही कळत नाही, म्हणून तो येत नाही, एवढं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं. त्याच्याशी माझं काही जुळतं हे मला मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या चर्चमध्ये गेलो. दरवर्षी जातो. मागच्या बाकावर बसतो. गाणी म्हणत नाही, डोळे मिटत नाही. पाद्री नवीन होते, तरुण. प्रवचन चांगलं दिलं. देवानं वरून नुसता निरोप पाठवला नाही, तो स्वतः आपल्यात आला, असं म्हणाले. सोपं करून सांगितलं. समोर लहान मुलं डोक्याला चमकी लावून बसली होती, मेंढपाळ झालेली.

शेवटी त्यांनी प्रभूमध्ये निजलेल्यांची, म्हणजे वारलेल्यांची, नावं वाचली. चौथं नाव आलं, "आमचे बंधू दाविद मेश्राम."

मी उभा राहिलो. सगळे वळून बघायला लागले. मार्थानं बघितलं नाही. तिला माहीत होतं कोण ते.

"नाईक," मी म्हटलं. "नाईक दाविद मेश्राम. नीट वाचा."

पाद्री गोंधळले. पुढच्या बाकावरून कोणीतरी त्यांना काहीतरी सांगितलं. त्यांनी कागद पुन्हा वर धरला.

"नाईक दाविद मेश्राम," त्यांनी वाचलं.

मी सावधान उभा राहिलो आणि पुढची सगळी नावं संपेपर्यंत बसलो नाही.