न पोचवलेली चिठ्ठी

पोस्टमन दाराशी आला की लेले डॉक्टर पेशंटला 'आ' करायला लावून तसंच बसवून ठेवत आणि बाहेर धावत. "आलं का हो उत्तर?" आलेलं नसलं की परत येऊन त्या उघड्या तोंडात बघायचे, पण चित्त ठिकाणावर नसायचं. नौपाड्यातल्या त्यांच्या दवाखान्यात नाडी उभ्याने बघितली जायची आणि चिठ्ठीही उभ्यानेच लिहिली जायची.

मोठ्या डॉक्टरकडे कुणाला पाठवलं की सोबत दोन पानं लिहून द्यायचे आणि उत्तर येईपर्यंत पेशंटच्या घरच्यांना भंडावून सोडायचे. "पेशंट म्हणजे पार्सल नव्हे," म्हणायचे, "पोचलं की आपण मोकळे व्हायला." आम्ही त्यांना पाठीमागे हसायचो. हसणाऱ्यांत मी पहिला.

माझी थोरली बहीण माई कल्याणला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ठाण्याला आली आणि बाळ महिन्याचं व्हायच्या आत तिची झोप उडाली. बाळाला जवळ घेईना. म्हणे, हे माझं नाहीच, कुणीतरी बदललंय. आईने दृष्ट काढली, अंगारे लावले. लेले डॉक्टर तिच्याशी थोडा वेळ बोलले आणि म्हणाले, "हिला मोठ्या इस्पितळात न्यायचं. आजच." 'ह्याला ठाण्याला धाडा' म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे साऱ्या मुलखाला ठाऊक. आम्ही राहायलाच ठाण्यात, तरी आई माईला घट्ट धरून बसली.

डॉक्टर स्वतः सायकल मारत इस्पितळात गेले. माईला काय आवडतं, कशाने ती बिथरते, सगळं तिथल्या डॉक्टरांच्या कानावर घालून आले. तीन महिन्यांनी माई हसत घरी आली. नव्यानेच निघालेल्या गोळ्या चालू होत्या आणि त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, अशी ताकीद होती. ती सासरी निघाली तेव्हा डॉक्टरांनी तिकडच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. "कचेरीत कारकून आहेस ना? कागद योग्य टेबलावर पोचव."

मी ती पोचवली नाही. सासरी आम्ही आधी विषमज्वर सांगितला होता, मग हवापालट. माईचे यजमान तेव्हा नागपूरला नोकरीला, त्यामुळे खोटं खपून गेलं. "चिठ्ठी वाचली की तिकडे कल्याणात पारनाकाभर बोभाटा होईल," आई म्हणाली. "पोरीला नांदायचंय रे." मलाही पटलं. गोळ्या तापानंतरच्या अशक्तपणावरच्या आहेत, असं मी माईच्या सासूबाईंना ठासून सांगितलं.

त्यानंतर डॉक्टर मला रस्त्यात गाठून विचारायचे, "उत्तर?" मी म्हणायचो, "येईल हो." एका रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे. "चल कल्याणला. मला चैन पडत नाही." गाडीने कळवा सोडलं आणि मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "गोळ्या तरी चालू आहेत ना?" ते मला ठाऊक नव्हतं.

माई सोप्यावर तांदूळ निवडत होती. निवडलेले पुन्हा सुपात ओतायची, पुन्हा निवडायची. बाळ आत रडत होतं, तिला ऐकू येत नव्हतं.

"झोपत नाही तीन दिवस," सासूबाई म्हणाल्या.

"गोळ्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"अशक्तपणाच्याच ना त्या? अंग धरलंन् हिने चांगलं. म्हटलं, आता कशाला उष्ण औषधं पोटात. दहा दिवस झाले, मीच बंद केल्या."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तू सांगतोस, की मी सांगू?"

मी सांगितलं. मान खाली घालून, इस्पितळासकट सगळं. आता माईची ट्रंक बाहेर येणार, असं धरूनच मी चाललो होतो.

सासूबाईंनी माईच्या हातातलं सूप काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण बाळंतपणात अशीच झाली होती. कोंडून ठेवली तिला. दार उघडं राहिलं त्या दिवशी विहिरीत गेली." आणि माझ्याकडे बघून, "अरे, मला सांगितलं असतंत तर मी जिवापलीकडे जपली असती. ह्या पोरीचं औषध माझ्या हाताने तोडायला लावलंत तुम्ही."

उठून त्यांनी फडताळातून गोळ्या काढल्या. "दिवसातून किती वेळा द्यायच्या, डॉक्टर? मीच देईन."

डॉक्टर त्याच पावली गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांना सोबत घेऊन आले. माईला सावरायला दोन महिने लागले, पण ती त्याच घरी सावरली. पुढे सासूबाई दर महिन्याला तिला घेऊन ठाण्याला यायच्या. आधी इस्पितळ, मग नौपाडा, मग परत कल्याणच्या डॉक्टरांकडे. कागद त्यांच्याच पिशवीत.

बऱ्याच वर्षांनी लेले डॉक्टर अचानक गेले. सासूबाई कल्याणहून आल्या, त्यांच्या पायांवर डोकं ठेवून घरचं माणूस गेल्यासारख्या रडल्या. मी उंबऱ्याशीच थांबलो. त्या रविवारनंतर इतक्या वर्षांत डॉक्टरांनी मला त्या चिठ्ठीबद्दल एका शब्दाने विचारलं नाही, आणि त्यांची माफी मागायचा धीर मला कधीच झाला नाही.