वार बदलण्याचा रकाना

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५, पहाटे पाच. मी अंगणात उभा होतो. एका हातात अँटेना, दुसऱ्या हातात रिसीव्हर. लॅपटॉप ओट्यावर उघडा ठेवला होता. पत्नी बाजेवर घोंगडी पांघरून बसली होती. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तिला छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयात दाखल करायचे होते. दुपारी हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया. त्याआधी तिला एक गोष्ट ऐकायची होती, आणि ती ऐकवण्याचे काम माझ्याकडे होते.

आमची नात पुण्यात अभियांत्रिकी शिकते. तिच्या महाविद्यालयातील मुलांनी एक लहान उपग्रह तयार केला, गव्हाच्या डब्याएवढा. तो वर गेला आणि फिरू लागला. एरवी तो फक्त टिकटिक करतो. त्याच्यात काही मुलांचे आवाज मुद्रित करून ठेवले आहेत. त्यातला एक आमच्या नातीचा. बॅटरी अशक्त असल्याने आवाज क्वचितच सोडतात. नातीने आजीसाठी विनंती केली, आणि आमच्या भागावरून जाणाऱ्या एका फेरीत तिचा आवाज सोडायचे ठरले. एकाच फेरीत.

मी पत्नीला म्हणालो होतो, की मुद्रित आवाज फोनवर मागवता येतो.

"फोनवर ती रोजच बोलती," ती म्हणाली. "त्यात काय हाय? मला वरून आलेला ऐकायचाय."

ती काही मागत नाही. लग्नाला इतकी वर्षे झाली, मागितलेल्या गोष्टी मला आठवाव्या लागतात. मी वाद घातला नाही.

मी पोलिसांच्या बिनतारी खात्यात नोकरी केली. रेडिओ मला नवा नाही, उपग्रह नवा. तो केव्हा, कोणत्या दिशेने उगवेल आणि कुठे मावळेल हे सांगणारे सॉफ्टवेअर नातीने लॅपटॉपवर घालून दिले होते. रविवारचा सारा दिवस मी त्यातील 'प्रेफरन्सेस' भरण्यात घालवला. प्रेफरन्सेस म्हणजे आपली पसंती. पसंती विचारणारे यंत्र मी प्रथमच पाहत होतो. निरीक्षकाचे ठिकाण म्हणून त्यात परदेशातील कुठलेसे शहर आधीच भरलेले होते. ते पुसून लिंबागणेशजवळच्या आमच्या वस्तीचे अक्षांश-रेखांश घातले. उंची फुटांत दिसत होती, ती मीटरमध्ये केली. वेळ जागतिक होती, ती भारतीय केली. कक्षेची आकडेवारी शिळी झाली की सारे गणित चुकते, म्हणून ती रोज आपोआप ताजी व्हावी अशी खूण केली. शेकडो उपग्रहांच्या गर्दीतून एकच निवडला आणि बाकीचे लपवले. डोळे दुखू लागले. संध्याकाळी मान वळेना. पण एकही रकाना सोडला नाही.

नातीने आजीला फोनवर सांगितले होते, सोमवारी उजाडायच्या आत. सॉफ्टवेअरनेही सोमवारी पहाटेची एक फेरी दाखवली. मी त्या वेळेला उभा राहिलो.

उपग्रह वेळेवर आला. ईशान्येकडे अँटेना धरताच टिकटिक ऐकू आली. आधी चढा स्वर, मग हळूहळू उतरता. मी अँटेना आग्नेयेकडे फिरवत नेली. टिकटिक स्वच्छ होती. आवाज मात्र आला नाही. शेवटची टिकटिक खरखरीत विरली तेव्हा मी अँटेना खाली घेतली.

"झालं?" पत्नीने विचारले.

"झालं."

ती उठली आणि चुलीकडे गेली. मी पुन्हा लॅपटॉपसमोर बसलो. ठिकाण तपासले. वेळ तपासली. उपग्रह क्षितिजाच्या किती वर आल्यावर मोजायचा, तो किमान कोन बदलून पाहिला, पुन्हा होता तसा केला. नुकत्याच गेलेल्या फेरीत कोणतीही चूक दिसेना. उजाडले तेव्हा पत्नीने चहा आणून ठेवला.

"आज कसा येईल आवाज?" ती म्हणाली. "तवा तर आईतवारच चालू व्हता की."

मी वर पाहिले.

"पोरगी म्हणली व्हती सोमवारी. सोमवार आता लागला. दिवस उगवला तवा."

"मग तू एवढ्या थंडीत कशाला बसलीस?"

"मला वाटलं तुमी तालीम करताय. पोलिसातली माणसं करत्यात न्हाई का परेडच्या आधी."

"आधी सांगायचं होतंस."

"मला इचारलंत का?"

आमच्या घरात वार सूर्योदयाला बदलतो. माझी आई तसेच मानत असे, पत्नीही तसेच मानते. सोमवारचा उपवास मंगळवारी सूर्य उगवल्यावर सुटतो. पंचांगाचेच हे आहे असे नाही. शेतीची लाइट रात्रपाळीत असली की पहाटे मोटार सुरू करायला जाणारा माणूसही ती कालच्या वाराची पाळी समजतो. नोकरीत मात्र मी वेगळे शिकलो. रात्री बाराला तारीख बदलायची, आणि पुढच्या संदेशाला नवी तारीख लावायची. निवृत्त होऊन घरी आलो तरी ते गेले नाही. नात दहावीपर्यंत आमच्याकडे वाढली. ती आजीशी आजीच्या वारात बोलते. सॉफ्टवेअरने माझ्याकडून सगळे विचारून घेतले होते. वार केव्हा बदलतो, हा रकाना त्यात नव्हता.

मी नातीला फोन लावला. ती झोपेत होती.

"आबा, आजची रात्र सरल्यावर," ती म्हणाली. "पाच वाजून दहा मिनिटांनी. आजीला कळलं होतं की. तुम्हाला नाही कळलं?"

"तारीख सांगत जा," मी म्हणालो.

"सांगते. चार." मग तिच्या लक्षात आले. "आबा, पण चारला तुम्ही निघणार ना? गाडी किती वाजता आहे?"

गाडी साडेचारला होती. माझा पुतण्या त्याच्या जीपने नेणार होता. रुग्णालयाने सांगितले होते, सकाळी लवकर या, काही खाऊ-पिऊ नका, रक्ताच्या तपासण्या आधी होतील. वाटेत बीड, गेवराई, रस्त्याला उसाच्या गाड्या. उशिरा निघता येणार नव्हते. आवाज आधीच्या एखाद्या फेरीत सोडता येतो का, असे मी नातीला विचारले. ते तिच्या हातात नव्हते.

पत्नीला हे सांगितले. ती धुणे वाळत घालत होती.

"ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली. चादर झटकली आणि दोरीवर टाकली. पुन्हा तो विषय काढला नाही. तिने काढला असता तर मला नाही म्हणणे सोपे गेले असते.

दुपारी पुतण्या गाडी धुवायला विहिरीवर आला. मी त्याला अडचण सांगितली.

"तात्या, त्या उपग्रहालाच फोन लावा की," तो म्हणाला. "म्हणावं, आमची काकू निघालीय, जरा कडंला थांब."

"पाच वाजता आपण कुठे असू?"

त्याने हात पुसले आणि विचार केला. "मांजरसुंब्याच्या आसपास. कपिलधारच्या फाट्यावर, म्हणा."

मी लॅपटॉप पुन्हा उघडला. एकाच माणसाची अनेक ठिकाणे भरण्याची सोय त्यात होती. रविवारी तिचा उपयोग मला दिसला नव्हता. नकाशावरून फाट्याचे अक्षांश-रेखांश काढून नवे ठिकाण भरले आणि तेच मुख्य असे निवडले. वेळेत फारसा फरक पडला नाही. अडचण डोंगरांची होती. आमच्या वस्तीवर क्षितिज मोकळे आहे, तिथे नाही. किमान कोन शून्य होता. क्षितिजाला टेकलेल्या उपग्रहाचाही त्यात हिशेब होता, आणि डोंगराआडचा उपग्रह कानाला काय उपयोगाचा. नोकरीत मांजरसुंब्याच्या घाटात वायरलेसची गाडी घेऊन उभे राहिल्याचे स्मरत होते. त्या अंदाजाने मी कोन वीस अंश केला. फेरीची लांबी निम्म्यावर आली. पूर्वेकडची बाजू उघडी असेल तर तेवढे पुरेसे होते.

संध्याकाळी अँटेना, वायर आणि रिसीव्हर मी जीपच्या मागच्या भागात बांधले. कपडे, फाइल, पाण्याची बाटली आणि तिची औषधे पुढे. पत्नी दारातून पाहत होती.

"हे कावून घेतलं?"

"वाटेत थांबू. थोडा वेळ."

"उशीर न्हाई ना व्हणार?"

"नाही."

झोप लागली नाही. तिलाही लागली नसावी. साडेचारला निघालो. ती मागच्या सीटवर, मी पुढे. लिंबागणेश मागे पडले तेव्हा तिने काचेतूनच गणपतीला हात जोडले. पाचच्या आधी फाट्यावर पोहोचलो. पुतण्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केले.

मी उतरलो. थंडी होती. अँटेना जोडली, वायर तिच्या बाजूच्या खिडकीतून आत घेतली आणि रिसीव्हर तिच्या मांडीवर ठेवला. तिला खाली उतरू दिले नाही. आवाज किती वाढवायचा ते दाखवले. मी बाहेर, लॅपटॉप जीपच्या बॉनेटवर. पूर्वेकडे डोंगर माझ्या आठवणीपेक्षा उंच होता. त्याला काही करता येत नव्हते.

पाच वाजून दहा मिनिटे झाली. खरखर. आणखी थोडा वेळ नुसतीच खरखर. मग टिकटिक सुरू झाली.

त्याच वेळी वळणावरून उसाचा ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या आणि ट्रॅक्टरवर एवढा मोठा भोंगा, की गाण्याने घाट दणाणला. रिसीव्हरमध्ये नातीचा आवाज सुरू झाला, तो मला दिसला. म्हणजे पत्नीचा चेहरा बदललेला दिसला. शब्द काही कळले नाहीत. गाणे सगळ्यावर पसरले होते.

पुतण्या रस्त्यात जाऊन उभा राहिला. दोन्ही हात वर.

"ए, गाणं बंद कर बे! बंद कर!"

"काय झालं? अपघात हाय का?" ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक मारला.

"न्हाई रे, फोन आलाय! वरून!"

"कुठून?"

"तू बंद कर आधी, मंग सांगतो!"

भोंगा थांबला. ट्रॅक्टरचे इंजिनही त्याने बंद केले, का ते ठाऊक नाही. घाटात एकदम शांतता झाली. टिकटिक चालूच होती, पण स्वर उतरू लागला होता. आवाज दर मिनिटाने पुन्हा येणार असे नातीने सांगितले होते. मी अँटेना आग्नेयेकडे नेली, डोंगराच्या कडेला जेवढी जागा उरली होती तेवढ्यात. अँटेना हलू नये म्हणून कोपर बॉनेटला टेकवले.

आवाज आला. दूरचा, थोडा घोगरा, पण तिचाच.

"नमस्कार. मी पुण्याहून बोलते आहे, पण सध्या तुमच्या डोक्यावर आहे. जेवलात का?"

"न्हाई ग बाई," पत्नी रिसीव्हरला म्हणाली. "डॉक्टरनं उपाशी ठेवलंय."

ट्रॅक्टरवाला खाली उतरून आमच्याकडे पाहत होता. पुतण्या हसला, मग तोंड फिरवून रस्त्याकडे बघू लागला. उपग्रह डोंगराआड गेला. खरखर उरली. पत्नीने बटण फिरवून ती बंद केली, मी दाखवले होते तसे.

"चला," ती म्हणाली. "उशीर नगं."

मी अँटेना सोडली, वायर गुंडाळली आणि लॅपटॉप मिटला. रिसीव्हर तिच्या मांडीवरून घेऊन पिशवीत ठेवला. मग तिच्या बाजूची काच वर केली.