सूत्रात वेळ कुठाय?

समता सहा वर्षं बेळगावातल्या एका खासगी हायस्कुलात तात्पुरती विज्ञान शिकवत होती. तात्पुरती म्हणजे काम कायमचं आणि रजिस्टरात नाव पेन्सिलीनं. अखेर एक कायम जागा निघाली. कमिटीपुढं धडा घ्यायचा, प्रश्नांना उत्तरं द्यायची, की निकाल.

कमिटी म्हणजे दोघं. अध्यक्ष मारुतीराव, उद्यमबागेतले फौंड्रीवाले. शाळेला हॉल बांधून दिल्यापासून त्यांना सगळेच विषय कळू लागले होते. तज्ज्ञ म्हणून टिळकवाडीचे नागेंद्र सर. त्यांच्या गाईडवर पोरं तीस वर्षं पास होत होती, आणि तेवढीच वर्षं सरांनी दुसरं पुस्तक उघडलं नव्हतं.

"सूर्य आत्ता नाहीसा झाला, तर त्याची ओढ सुटल्याचं पृथ्वीला कधी कळेल?" सरांनी विचारलं.

"आठ मिनिटं वीस सेकंदांनी," समता म्हणाली. "गुरुत्वाकर्षणातला बदल प्रकाशाच्याच वेगानं पोचतो."

सर पोट हलवत हसले. "लगेच कळेल! लिहा सूत्र. दोन वस्तुमानं, अंतराचा वर्ग. यात वेळ कुठाय? मग वेळ लागेलच कसा?"

सूत्रात नाही म्हणजे जगात नाही! पाककृतीत 'गॅस पेटवा' लिहिलं नसेल तर हा माणूस कच्चे तांदूळ खाईल, असं समताला वाटलं. तरी तिनं शांतपणे सांगितलं, "सर, हे सूत्र अपुरं आहे. दोन हजार सतरा साली मोजलंय. लांबवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. गुरुत्वलहरी आणि गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचेच भाऊबंद, तेरा कोटी वर्षं वाट चालून आले आणि अवघ्या पावणेदोन सेकंदांच्या अंतरानं पोचले."

"बघा, फरक पडलाच की!" सरांनी टेबलावर थाप मारली.

"मॅडम, वाद कशाला वाढवताय?" मारुतीराव कंटाळून म्हणाले. "लगेच म्हणा की. आत्ता सही करतो."

शब्द समताच्या ओठांपर्यंत आला. सहा वर्षं! पण उद्या हेच फळ्यावर लिहून पोरांकडून पाठ करून घ्यायचं?

"आठ मिनिटं वीस सेकंद," ती म्हणाली आणि बाहेर आली.

मग ऋतिका आत गेली. तीही समतासारखीच तात्पुरती. सरांनी प्रश्न तोच विचारला. दार उघडंच होतं.

"लगेच, सर," ऋतिकाचा आवाज आला. मारुतीरावांनी "शाब्बास!" म्हणत सही केली.

ते आठ मिनिटांचं गणित गेल्याच आठवड्यात समतानं तिला स्टाफरूममध्ये दोनदा करून दाखवलं होतं.

ऋतिका मान खाली घालून बाहेर आली. "आक्का, रागावू नको गं. त्यास्नी काय कळतंय?"

"त्यास्नी कळत न्हाय, त्यांचं सोड," समता म्हणाली. "तुला कळत होतं."