बॅटरीची दुसरी कडी

कार्तिक वद्य पंचमी, सकाळची वेळ. हजर माणसं: मी, इंदूकाकी, आणि आपापल्या घराच्या पुढच्या सोप्यात एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोघे भाऊ. थोरले माझे मामंजी, धाकटे काकींचे मालक, आमचे काका. रोजची नोंद ठेवायची सवय असल्यामुळे हे नेमकं सांगता येतं. काकींनी ट्रॅक्टरच्या बॅटरीची बुचं काढून आत पाहिलं. "पाणी खाली गेलंया गं सुमन. सोमवारी चार्जिंगला शाहूपुरीला न्यायला पायजे," म्हणाल्या आणि बुचं पुन्हा घट्ट बसवली. सोमवार काही आला नाही. शनिवारी संध्याकाळी, चहाचा कप हातात असतानाच, काकी बसल्या जागी गेल्या.

आमचं गाव हातकणंगल्याच्या अलीकडे. वाटण्या झाल्या तेव्हा जमिनीचे दोन भाग पडले, ट्रॅक्टरचे पाडता येईनात. तो आधीच दुसऱ्याकडून घेतलेला, जुना. मग पंचांनी तोड काढली. ट्रॅक्टर थोरल्याच्या दारात उभा राहील, बॅटरी धाकट्याच्या घरात राहील. एकानं दुसऱ्याला न विचारता ट्रॅक्टर काढायचा नाही, एवढाच हेतू. पुढं भावांचं बोलणं बंद झालं, पण ही रीत मोडली नाही. सुताराकडून बॅटरीला एक पेटी करून घेतली होती, दोन बाजूंना दोन लोखंडी कड्या. नांगरट असली की एक कडी काकी धरायच्या, दुसरी मी, आणि अंगण ओलांडून ती जड पेटी ट्रॅक्टरपाशी न्यायची. अंगणाच्या मधोमध, बरोबर वाटणीच्या हद्दीवर, धुण्याचा दगड आहे. तिथं पेटी टेकवून दम खायचा. दोन घरांतलं जे काही एकमेकांना कळायला हवं, ते सगळं त्या दगडावर कळायचं... कुणाला ताप आहे, कुणाची सोयरीक येतेय, कुणाच्या विहिरीचं पाणी आटलंय.

सुरुवातीला बॅटरीकडे कुणाचंच लक्ष नसे. एकदा ऐन पेरणीत ट्रॅक्टर नुसता घरघरला आणि गप्प झाला. मामंजी भिंतीकडे बघून ओरडले, "धाकट्यानं बॅटरी उतरवून ठेवलीया!" पलीकडच्या भिंतीकडे बघत काका ओरडले, "बॅटरी चार्ज करणारा डायनामो तुमच्याकडं हाय की! त्यो आधी बघा!" दुपारपर्यंत गोष्ट 'इकून टाका' इथवर गेली. विकायच्या बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं. दगडाशी काकी मला म्हणाल्या, "ट्रॅक्टर गेला तर ही माणसं भांडणार तरी कशावरनं? मग तू कोण नि मी कोण?"

त्या दिवसापासून बॅटरी काकींनी हातात घेतली. ती जमिनीवर नाही, फळीवर असायची. चुलीपासून लांब, मधल्या खोलीत. टोकांवर पांढरी पूड धरली की गरम पाण्यानं धुवायची, कोरडी पुसायची, वर व्हॅसलिन लावायचं. आत बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटरच, आडाचं पाणी नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा असला तरी बॅटरी दुधाच्या गाडीतून शाहूपुरीला जायची. ॲसिडच्या थेंबांनी लुगड्याला भोकं पडायला लागली तेव्हा त्यांनी एक जुनं लुगडं या कामालाच ठेवलं. घरात त्याला 'बॅटरीचं लुगडं' म्हणत. चार्जिंगवाले बाशाभाई आम्हाला बघून हसायचे. "वहिनी, एवढा मान जावयाला तरी देता व्हय?" काकी म्हणायच्या, "जावई घरात बसून समजुतीला येतोय. हिची समजूत घालायला तुमच्या दारात यावं लागतंय की!" पुढं कितीतरी वर्षं बॅटरीवरून आरडाओरड झाली नाही. भाऊ बोलत नव्हतेच, पण ट्रॅक्टर दोघांच्याही रानात चालत होता.

काकी गेल्या त्या दिवशी मामंजी कितीतरी वर्षांनी धाकट्याच्या सोप्यात येऊन बसले. बाराव्यापर्यंत रोज आले. बोलले नाहीत. तेराव्याला आले नाहीत.

आता ट्रॅक्टर बघायला एक पावणं येऊन गेलेत. मामंजी म्हणतात, चालू झाला तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू. बॅटरी चार्जिंगला नेऊ का, असं काकांना मी दोनदा विचारलं. ते म्हणतात, "असू दे तिथंच." फळीवरून ती हललेली त्यांना बघवत नाही, हे मला कळतं. पण बॅटरी अशी उतरलेली फार दिवस पडली की पुन्हा चार्ज धरत नाही, हे त्यांनाही कळतं. काल मी बुचं काढून पाहिली. आतल्या प्लेटा पाण्याबाहेर उघड्या पडायला आल्या आहेत. खुंटीवरचं लुगडं नेसले, बाटलीतलं पाणी घातलं, टोकं पुसली. एकटीनं होण्यासारखं तेवढंच होतं.

दूधवाल्याला सोमवारचं सांगून ठेवलं आहे. बाशाभाईंना निरोप गेला आहे. एक कडी मी धरीन. दुसरीसाठी मामंजींना सांगितलं, काकांनाही सांगितलं. दोघंही 'बघू' म्हणाले. पेटी अजून फळीवरच आहे.