बेल उचलल्यावर

माझा धाकटा भाऊ ट्रकवर असताना अफूला लागला, मग गर्दला, म्हणजे ब्राउन शुगरला. पण पुढे अकरा महिने तो रोज सकाळी उंद्रीहून एसटीनं खामगावच्या उपचार केंद्रात जायचा आणि नर्सबाईंसमोर गर्दची तलफ थांबवणारं मेथाडोनचं औषध प्यायचा. वरून पाणी, मग दोन शब्द बोलून दाखवायचे. औषध तोंडात धरून बाहेर नेलं नाही याची खात्री. तिथून येऊन दिवसभर भाजीच्या गाडीवर माणसासारखा उभा राहायचा. जेवायचा, हसायचा. अजून काय पाहिजे होतं हो आम्हाला?

पण नाही! आईचं एकच पालुपद. "नशेच्या जागी नशाच देऊन राह्यले. हे काय सुटनं झालं?" आणि मी? शाळेत विज्ञान शिकवतो म्हणे! मीही डॉक्टरांच्या मागे लागायचो, "हे बंद कधी होणार?" ते म्हणायचे, "आईची बीपीची गोळी कधी बंद होते ते सांगा आधी." मला भयंकर राग यायचा.

शेवटी श्रावणात आईनं त्याला महादेवाच्या देवळात उभं केलं. पिंडीवरचा बेल उचलून शपथ घ्यायची, आजपासून नशेचं काहीच तोंडात घालणार नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"दादा, औषध बी?"

"सगळंच," मी म्हणालो. अक्कल गहाण टाकली होती मी! वर गल्लीभर पेढेही वाटले.

दुसऱ्या दिवसापासून तो केंद्रात गेलाच नाही. बेल उचलला होता ना! चौथ्या दिवशी नाक गळतंय, पोटऱ्यांत गोळे येतायत, अंथरुणात नुसता तळमळतोय. आई म्हणे, "जहर निघून राह्यलं." आठव्या दिवशी तो खामगावच्या स्टँडमागे सापडला. पुन्हा गर्द घेतली होती, ओठ निळे पडले होते. वाचला, एवढंच.

आता केंद्रात सगळं पहिल्यापासून, अगदी थोड्या डोसवर. डॉक्टर चिडलेच होते. "इतकं चांगलं चालू होतं, मंग काऊन सोडलं बाबा?"

तो माझं नाव घेणार, या भीतीनं मी मान खाली घातली.

"अकरा महिन्यांत शपथ घेतली त्याच दिवशी घरचे खूश झाले होते जी," तो म्हणाला.