टाकेताईंचं स्वतःचं खातं

बिल्डिंगमध्ये तिला सगळे टाकेताई म्हणायचे, पण सुई ती क्वचितच हातात धरायची. घरच्या कॉम्प्युटरवर ती भरतकामाची डिझाइनं करायची. कारखान्यातल्या मशीनने टाका कुठे घालायचा, दोरा कुठे तोडायचा, हे सांगणाऱ्या त्या फायली. फ्रॉकवरची बदकं, गणवेशांवरची शाळांची चिन्हं, उशीच्या अभ्र्यांवरच्या वेली. लग्नानंतरचं तिचं सगळं काम बेडरूमच्या कोपऱ्यातल्या त्या एका डब्यात होतं.

एका सकाळी त्याच धंद्यातल्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली होती आणि दुरुस्तीवाल्याने हात वर केले होते. मैत्रीण रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "आता पुन्हा पहिल्या बदकापासून सुरुवात."

तेव्हापासून टाकेताईच्या जिवाला स्वस्थता नव्हती. कॉम्प्युटरचा पंखा जरा जोरात फिरला की ती पोळी तव्यावर सोडून धावायची. दिराने सांगितलं, बॅकअपचं सॉफ्टवेअर टाक, फुकट मिळतं. तिने टाकलं. सगळं सुखरूप असल्याची हिरवी खूण आली, तरी तिच्या मनात पाल चुकचुकलीच. उघडून बघितलं, तर त्याने घरातले फोटो आणि विजेची बिलं जपून ठेवली होती आणि डिझाइनच्या फायली तेवढ्या वगळल्या होत्या. त्या कसल्या आहेत हेच त्याला कळलं नव्हतं.

दुसऱ्या सॉफ्टवेअरचे पैसे एकदाच भरायचे होते, पण त्याची नक्कल शेजारच्याच डब्यात राहणार. चोर आला तर दोन्ही डबे नेणार. तिसरं दूर कुठेतरी नक्कल ठेवायचं, जुन्या आवृत्त्याही सांभाळायचं, पण त्याचे दरवर्षी पैसे. महिनाभर ते फुकट वापरून बघता येत होतं. ती रोज तिन्हींची तुलना करायची, एक ठरवायची आणि भांडी घासता घासता बदलायची.

नवरा शहरातली बस चालवायचा. जेवताना त्याने विचारलं, हे नेमकं करतं काय. जे आहे तेच आणखी एका ठिकाणी ठेवतं, असं तिने सांगितलं.

"म्हणजे आपलंच आपण परत विकत घ्यायचं?"

सासूबाई हसल्या. तीही हसली, पण हात धुऊन लगेच कॉम्प्युटरपाशी गेली.

फुकटची मुदत संपत आली तेव्हा तिने तिसरं नक्की केलं आणि पैसे भरायला बसली. आणि घोडं तिथेच अडलं. खातं नवऱ्याच्या नावावर. कारखान्याचे पैसेही पहिल्यापासून त्यातच जमा व्हायचे. त्यामुळे बँकेचा कोड त्याच्या मोबाइलवर गेला आणि मोबाइल होता डेपोतल्या कपाटात, कारण गाडीवर फोन न्यायला बंदी. कोड वाया गेला. संध्याकाळी तो आल्यावर पुन्हा बसली, तर बँकेचं पान उघडेना. दुसऱ्या दिवशी त्याने डोळे चोळत कोड वाचून दाखवला आणि सहाच्या जागी नऊ वाचला. घाईघाईत तिने तोच चुकीचा कोड पुन्हा पुन्हा टाकला आणि कार्ड बंद पडलं.

तो म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी बघू. पळून जातंय का ते?"

ती बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून परत बाहेर, अशा येरझाऱ्या घालत राहिली. डिस्कची धास्ती होतीच, पण आता डोक्यात दुसराच भुंगा शिरला होता. इतकी वर्षं कमावते आहे आणि कुणी कोड वाचून दाखवल्याशिवाय स्वतःच्या कामासाठी पैसे भरता येत नाहीत. हे आपल्या कधी लक्षातच कसं आलं नाही?

सकाळी ती बँकेत जाऊन स्वतःच्या नावाने खातं उघडून आली आणि तिने कारखान्याला यापुढचे पैसे त्यातच जमा करायला सांगितलं. रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याला सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे ना. पण तुम्ही गाडीवर असता आणि माझं काम इथे अडतं."

मग सासूबाईच म्हणाल्या, "तिच्या पैशाचा कोड तिलाच येऊ दे की. तुला तो वाचता तरी कुठे येतो?" यावर त्यालाही हसू आवरलं नाही, पण पुढचे दोन दिवस तो जरा तुटकच वागला.

कार्ड यायला वेळ लागला. तोवर फुकटची मुदत संपली आणि मधले दिवस तिने कसेबसे, कॉम्प्युटरला फार न राबवता काढले. अखेर तिच्या मोबाइलवर कोड आला, तिने टाकला, पैसे गेले. सगळ्या फायली चढायला मात्र आठवडा लागला. घरातलं इंटरनेट त्यातच अडकायचं, सासूबाईंची मालिका मध्येच थांबायची आणि त्या आतून विचारायच्या, "तुझं चढतंय का अजून?"

चढून झालं, तरी तिला खरं वाटेना. म्हणून तिने एका ससा-सशिणीचं डिझाइन मुद्दाम पुसून टाकलं. परत मागवलं, तर आलं. टाकान् टाका तपासला, सशाचे कान, मिशा, सगळं जागच्या जागी होतं.

नवरा मागे येऊन उभा होता, ते तिला कळलंच नव्हतं. त्याने विचारलं, "माझ्या लायसन्सचा कागदही ठेवता येईल का यात?"

"आणा," ती म्हणाली आणि तिने स्कॅनरचं झाकण उघडलं.