जावईबापूंचे काटे

वस्तू वापरणारी माणसं जगात पुष्कळ आहेत; वस्तू निवडणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. सासऱ्यांच्या पोटी दोन मुलीच, म्हणून त्यांनी थोरल्या जावयाला घरीच ठेवून घेतलं आणि शेतीवाडी त्याच्या हाती दिली. चारठाण्याच्या अलीकडच्या त्या गावात हे गृहस्थ जावई म्हणून आले आणि मिशा पांढऱ्या झाल्या तरी जावईच राहिले. लहानथोर सगळं गाव त्यांना जावईबापू म्हणायचं. त्यांना आईबापांनी ठेवलेलं एखादं नाव असणारच, पण ते कुणी हाक मारताना वापरलेलं मी तरी ऐकलं नाही.

घरात साधं पाण्याचं मडकं आणायचं असलं तरी जावईबापू तो दिवस राखून ठेवत. जिंतूरच्या बाजारात एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. त्यांनी मांडलेलं प्रत्येक मडकं उचललं, बोटाच्या पेराने वाजवलं, कानाला लावलं, मग डोळे मिटून थोडा वेळ नुसते उभे राहिले. कुंभारीण आधी हसली, मग चिडली, मग जेवायला बसली. दिवस कलायला आला तेव्हा जावईबापूंनी शेवटचं मडकं हळूच खाली ठेवलं आणि म्हणाले, "आवाज चांगला हाय, पण मनापासून येईना." आम्ही रिकाम्या हाताने घरी आलो. पुढे अक्कांनी दारावर आलेल्या बाईकडून गुपचूप एक मडकं घेतलं आणि नवऱ्याला सांगितलं, "हे तुमीच मागच्या साली निवडलेलं, माळ्यावर पडलं होतं." जावईबापूंनी ते वाजवून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "बगा, निवडलेली वस्तू कशी बोलती." धोतराचं तेच, बैलाच्या दाव्याचं तेच, कोथिंबिरीच्या जुडीचंही तेच. त्यांच्या हातात भाजीची जुडी गेली की ती सुकेपर्यंत सुटत नसे.

गावाला याचा त्रास होत नव्हता असं नाही, पण बोलायची सोय नव्हती. जावयाला नाही म्हणायचं नाही, त्याला कामाला हात लावू द्यायचा नाही, आणि त्याने एखादं काम आपण होऊन अंगावर घेतलंच तर ते दुसऱ्याने करून त्याचा पाणउतारा करायचा नाही, अशी तिकडची रीत. बाकीच्या गावांत ही रीत सणावारापुरती पाळतात, कारण जावई चार दिवसांत आपल्या गावी जातो. यांचा जावई जायचंच नाव घेत नव्हता. त्यामुळे तिथे बारमाही दिवाळी चालू होती.

या रीतीपायी एक झाड मरायला टेकलं. परसात सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लावलेला शेंद्र्या आंबा होता. पाड लागला की फळाच्या देठाकडची बाजू शेंदूर फासल्यासारखी लाल व्हायची. सासरे गेले त्या सालानंतर शेंड्याकडच्या फांद्यांवर बांडगूळ दिसायला लागलं. लाल फुलांचं, दिसायला गोजिरवाणं, पण झाडाचा जीव शोषून घेणारं. साल दर साल फांद्या वाळत गेल्या आणि मोहोर विरळ होत गेला. अक्का रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की वर बघत उभ्या राहायच्या. माझी बायको मला सांगायची की अक्काच्या लेखी तिथे झाड नाही, बापच उभा आहे. गावात झाडावर चढणारे गडी काही कमी नव्हते. पण जावईबापूंनी एकदा पारावर दहा माणसांत सांगून टाकलं होतं, "सासऱ्याचं झाड हाय. बांडगूळ मीच काढणार." झालं! आता दुसरा कोण हात लावणार? एक-दोघांनी परसात येऊन आडून आडून विचारलं, तर अक्काच म्हणायच्या, "त्यांचं चाललंय. ते काढणारच हायेत."

चाललं होतं ते असं. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरच्या एका हिवाळ्यात जावईबापू माझ्याकडे परभणीला आले होते. मी तिथे शाळेत मास्तर. स्टेशनच्या बाजूला तारेचे खांब दुरुस्त करायचं काम चाललं होतं. एक माणूस पायांना लोखंडी काटे बांधून लाकडी खांबावर अगदी जिना चढावा तसा टकटक चढून गेला. जावईबापू जे तिथे उभे राहिले ते जेवायलाच आले नाहीत. मी शोधत गेलो तर मान वर करून उभेच. मला म्हणाले, "मास्तर, माझं घोडं कुठं अडलं होतं ते आज कळलं. मला काटेच नव्हते!"

गावी परतल्यावर त्यांनी लोहाराला गाठलं. लोहाराने बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावेचं लोखंड तापवून एक जोड बनवून दिला. तो टोकाला फार लांब निघाला. दुसरा आखूड झाला. तिसरा सरळ होता, त्याला बाक हवा होता. चौथ्याला बाक आला, पण मग त्यांना वाटायला लागलं की काटा पायाच्या आतल्या अंगाला हवा की पुढे चवड्याला, याचाच आधी नीट विचार झालेला नाही. मोच्याने वाद्या शिवल्या. त्या घोट्याशी बांधल्या तर पाय वळेना, गुडघ्याशी बांधल्या तर पोटरी सुजली. लोहार बिचारा घण टाकून कपाळ पुसायचा आणि म्हणायचा, "जावईबापू, ह्यो तर ठीक हाय न्हवं?" त्यावर हे काटा उन्हात धरून एक डोळा मिटायचे. "ठीक हाय. पण ठीक असून भागत न्हाई. आंब्याला काय वाटंल याचा इचार कराया पाहिजे." एक दिवाळी गेली, दुसरी गेली. बांडगूळ मात्र कशाची निवड न करता मजेत वाढत होतं.

त्या काळात त्यांच्या घरी पाहुणा म्हणून जाणं म्हणजे जिवाशी खेळ होता. एकदा मी सपत्नीक गेलो तर जावईबापू काटे बांधूनच आमच्या स्वागताला धावले, आणि नुकत्याच सारवलेल्या ओल्या अंगणात दोन्ही पाय रुतून जागच्या जागी उभे राहिले. मी पाया पडलो. त्यांनी तिथूनच आशीर्वाद दिला. शेवटी अक्कांनी वाद्या सोडून त्यांना काट्यांतून बाहेर काढलं. ओसरीवरच्या सागवानी खांबावर त्यांनी प्रत्येक जोडाची परीक्षा घेतली होती. तो खांब खालच्या बाजूने वाळवीने खाल्ल्यासारखा दिसायचा. वरच्या बाजूला मात्र तो अगदी गुळगुळीत होता. माझ्या ते लक्षात आलं, पण साडू थोरला. विचारणार कसं?

मग एका दिवाळीला आम्ही गेलो तर अक्कांचा चेहरा उतरलेला. त्या वर्षी आंब्याला लोणच्यापुरतीही कैरी धरली नव्हती, आणि मधली मोठी फांदी सबंध वाळली होती. माझ्या बायकोला त्या आत नेऊन म्हणाल्या, "औंदा बांडगूळ निगालं न्हाई तर झाड जातंय बग. पण त्यांना कसं म्हनू? गावात त्यांची मान खाली जाईल." हे कुजबुजीत बोललेलं मी ओसरीवर ऐकलं आणि जावईबापूंनीही ऐकलं. ते हातातला काटा चाचपत होते. तो त्यांनी खाली ठेवला, परत उचलला आणि एकदम म्हणाले, "मास्तर, हा जोड ठरला."

सकाळी सगळं गाव परसात जमलं. लोहार डोक्याला नवा पटका बांधून आला होता. जावईबापूंनी झाडाला हळदकुंकू वाहिलं, कमरेला कोयता खोचला, काटे बांधले आणि खोडाला मिठी मारून पहिला पाय रोवला. काटा सालीत कचकन रुतला. मग दुसरा पाय. लोक वा वा करायला लागले. आणखी एक-दोन पावलं गेली आणि जावईबापू थांबले. त्यांचे पाय जमिनीपासून माझ्या छातीइतके वर होते. पायाखालच्या जखमेतून चीक ओघळत होता, त्याकडे ते टक लावून बघत होते. खांब कोरडा असतो, त्याला कितीही टोचा. हे तर जितं झाड होतं. पण तेवढंच नव्हतं. त्यांनी खोड इतकं घट्ट आवळलं होतं की गालावर साल उमटली. जावयाला खाली उतर म्हणायचं तरी कसं?

तेवढ्यात त्यांनी मान न वळवता हाक मारली, "अगं, ऐकलं का? मला भ्या वाटायलंय." आणि थोडं थांबून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पयल्यापास्नं वाटायलंय. काट्याचा काय बी दोष न्हाई."

इतक्या वर्षांत त्या माणसाने घेतलेला हा पहिला झटपट निर्णय. लोहाराने पटका काढून डोळे पुसले. त्याने आणि मी मिळून जावईबापूंना अलगद खाली उतरवलं. अक्का पुढे झाल्या. त्यांनी नवऱ्याच्या कमरेचा कोयता काढून आपल्या कमरेला खोचला, कासोटा घट्ट केला आणि म्हणाल्या, "गाडी आना झाडाखाली." एका म्हातारीने तोंडाला पदर लावला. "अगं बाई, चारचौघांत झाडावर चढतीस व्हय?" अक्का गाडीवर उभ्या राहून म्हणाल्या, "काकू, मी या गावची सून न्हाई, लेक हाय. या झाडावर मी तुमच्यादेखतच वाढले." आणि खोडावरच्या जुन्या गाठींवर पाय ठेवत त्या वर गेल्या. कुठली गाठ कुठे आहे हे पायांना आठवत होतं, खाली बघायची गरजच पडली नाही.

जावईबापू खाली दोन्ही हात पसरून उभे होते. अक्का डावीकडच्या फांदीवर गेल्या की हे डावीकडे सरकायचे, उजवीकडे गेल्या की उजवीकडे. मध्येच ओरडायचे, "ती फांदी नको, ती बगून घे, अगं निवडून पाय ठेव!" वरून बांडगुळाचा एकेक गठ्ठा धपकन पडत होता आणि अक्कांचं हसू ऐकू येत होतं. मी हळूच त्यांना विचारलं, "लग्नाआधी मुलगी बघताना किती दिवस लावले होते हो?" ते वरची नजर न काढता म्हणाले, "कसले दिवस? आमी आलो तर मुलगी घरात न्हाई. ती तितं वर बसलेली. आदी पाय दिसले. मी वडलांना म्हनलो, हीच."

त्याला आता बराच काळ झाला. आंबा पुन्हा भरला आणि दरवर्षी भरतो. जावईबापू नंतरही मडकी वाजवत राहिले, पण झाडाखाली बसून पाड निवडायचं काम गावाने आपण होऊन त्यांच्याकडे दिलं. ते देतील तो आंबा गोडच निघायचा, आणि एक आंबा द्यायला ते अर्धी दुपार घ्यायचे. मागच्या हिवाळ्यात ते गेले. काट्यांचा शेवटचा जोड ओसरीवर भिंतीला ठोकला आहे; अक्का त्यावर कंदील अडकवतात.

यंदा उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा अक्का मला परसात घेऊन गेल्या. काट्यांची भोकं बुजत आली आहेत, तिथे सालीत नुसत्या खळ्या राहिल्यात. सगळ्यांत वरची खळी माझ्या छातीशी येते. अक्कांनी तिच्यावरून बोट फिरवलं, मग मान वर केली आणि पहिली फांदी फुटते तिथे, पार वर, हात केला. "तितवर गेले होते न्हवं, मास्तर?"

मी त्यांच्या हाताकडे नीट बघून घेतलं.

"थोडं वरच, अक्का," मी म्हणालो.